लहान फाइल जाते, मोठी अडकते: दोष माझ्या मशीनचा की टेस्ट नेटवर्कचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही समजण्यात चूक झाली असेल तर तुम्हाला लगेच दिसेल. तुम्ही एका प्रायोगिक विकेंद्रित नेटवर्कच्या, म्हणजे मध्यवर्ती सर्व्हरशिवाय चालणाऱ्या नेटवर्कच्या, चाचणीत उतरला आहात. लिनक्सवर कमांड लाइन क्लायंट (फाइल चढवणारा-उतरवणारा प्रोग्रॅम) बसवला, सोबत नोडही (तुमचं मशीन नेटवर्कचा भाग बनवणारा प्रोग्रॅम) सुरू केला. नोडच्या लॉगमध्ये पीअर्स, म्हणजे नेटवर्कमधले इतर नोड, दिसतात. चार ओळींची मजकूर फाइल चढते आणि परत उतरतेही. पण ४० मेगाबाइटची फाइल चढवायला घेतली की क्लायंट मध्येच थबकतो आणि थोड्या वेळाने टाइमआउटचा संदेश देऊन बंद पडतो. पहिल्या खेपेला १४ टक्क्यांवर, मग ३७ वर, मग ५८ वर. दर वेळी तुम्ही सगळं पुसून नव्याने इन्स्टॉल केलंत. नंतर मित्राने तीच फाइल त्याच्याकडून चढवली आणि ती एका दमात गेली. त्यावरून तुम्ही असं धरलंय की दोष तुमच्याच मशीनमध्ये आहे, आणि आता आणखी काय पुसून बघावं असं विचारताय.

तर पहिली विनंती: आता काहीही पुसू नका. रोजच्या सॉफ्टवेअरमध्ये काढून पुन्हा टाकण्याचा उपाय बऱ्याचदा लागू पडतो, कारण बिघडलेली गोष्ट बहुधा आपल्याच डिस्कवर असते. इथे बिघाड चार ठिकाणी असू शकतो. क्लायंट आणि त्याच्या सेटिंग्ज, तुमचं मशीन, तुमच्यापासून बाहेर जाणारी लाइन, आणि खुद्द ते नेटवर्क. पुसून यातली फार तर पहिली जागा साफ होते. बाकी तीन ठिकाणांचा पुरावा मात्र लॉगसोबत कायमचा जातो. शिवाय नोडची ओळख, म्हणजे त्याची चावी, बहुतेक वेळा त्याच फोल्डरमध्ये असते. ती गेली की नेटवर्कच्या लेखी तुम्ही कालपर्यंतचे कोणीही नसता. अशी बरीच नेटवर्कं ज्या कॅडेम्लिया पद्धतीवर उभी आहेत ती पेतार माय्मुन्कोव्ह आणि डेव्हिड माझियेर यांनी २००२ मध्ये मांडली. तिच्यात पीअर्सची यादी भरली की नव्यासाठी जुन्या जिवंत पीअरला बाहेर काढत नाहीत. जो नोड बराच वेळ टिकला तो पुढचा तासभरही टिकण्याची शक्यता जास्त असते, हे निरीक्षण त्यामागे आहे. दर वेळी ओळख पुसणारा नोड म्हणजे दर वेळी रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहणारा नोड.

आता मूळ मुद्दा. "फाइल अडकते" हे वर्णन आपल्याला पुढे नेत नाही, कारण नेटवर्कला तुमची फाइल ठाऊकच नसते. त्याला तुकडे ठाऊक असतात. तुकडा केवढा हे नेटवर्कप्रमाणे बदलतं. आयपीएफएस या विकेंद्रित फाइल नेटवर्कमध्ये वर्षानुवर्षं २५६ किलोबाइट हा डीफॉल्ट होता, त्या मापाने तुमच्या फाइलचे १६० तुकडे होतात. समजा एक तुकडा नीट पोहोचायची शक्यता ९९ टक्के आहे. चार ओळींची फाइल म्हणजे एकच तुकडा, ती शंभरात ९९ वेळा जाणार आणि तुम्ही म्हणणार की नेटवर्क उत्तम चाललंय. पण १६० पैकी एकही न चुकता सगळे जायची शक्यता म्हणजे ०.९९ चा १६० वा घात, साधारण २० टक्के. पाचातून एकदा. याच क्लायंटने हुकलेला तुकडा फक्त एकदा पुन्हा पाठवून पाहिला तर तीच शक्यता ९८ टक्क्यांच्या वर जाते. प्रत्येक तुकड्याचं हुकणं दुसऱ्यापासून स्वतंत्र आहे असं यात धरलंय, प्रत्यक्षात ते तितकं स्वतंत्र नसतं. तरी हिशेबाचा अर्थ लक्षात घ्या: लहान फाइल जाते आणि मोठी जात नाही, एवढ्यावरून तुमचं मशीन बिघडलंय असं ठरत नाही. शंभरात एक तुकडा हरवणारं कुठलंही नेटवर्क, कितीही चांगल्या मशीनवरून, असंच वागेल.

आणि तुमच्या प्रश्नातच एक मोलाचा धागा आहे, तुम्ही तो सहज लिहून गेलात. १४, ३७, ५८. आकडा दर खेपेला वाढतोय. अशा नेटवर्कमध्ये तुकड्याचा पत्ता त्याच्या मजकुराच्या हॅशवरून (मजकुरातूनच गणिताने काढलेल्या खुणेवरून) निघतो. तोच मजकूर, तोच पत्ता. दुसऱ्या खेपेला क्लायंट विचारतो, "हा तुकडा आहे का तुमच्याकडे?" आणि उत्तर "आहे" असं आलं की तो पुढे सरकतो. त्यामुळे पहिल्या खेपेचे पोहोचलेले तुकडे दुसऱ्या खेपेला फुकटात मोजले जातात. तुम्ही डिस्क पुसलीत, पण नेटवर्कवर पोहोचलेलं तसंच राहिलं. म्हणजे दर वेळी काही तुकडे खरोखर पोहोचत होते आणि टिकतही होते. समोर भिंत असती तर आकडा तिन्ही वेळा एकाच जागी अडला असता.

आता मित्राकडे बघा. त्याने ती फाइल तुमच्यानंतर चढवली. तोवर तुमचे निम्म्याहून जास्त तुकडे तिथे बसलेले होते. त्याच्या वाट्याला उरलेलेच आले. म्हणून "मित्राकडे जाते, माझ्याकडे नाही" ही तुलना बरोबरीची नाही. उलट आज तुम्ही ती फाइल पुन्हा चढवलीत तर काही सेकंदांत यशस्वी होईल, आणि त्यावरून काहीही सिद्ध होणार नाही. ती फाइल चाचणीसाठी संपली. यापुढे प्रत्येक प्रयोगाला ताजी फाइल घ्या. 'डीडी' कमांडने 'डेव्ह' फोल्डरमधल्या 'यूरँडम'मधून हव्या त्या मापाची फाइल काढता येते. शून्यांनी भरलेली फाइल वापरू नका, तिचे सगळे तुकडे सारखेच असल्यामुळे चाचणी एका तुकड्याचीच होते.

इथे दोन गोष्टी तुमच्या क्लायंटवर अवलंबून आहेत. पहिली, एन्क्रिप्शन. तुकड्याची चावी मजकुरातूनच काढली जात असेल तर वरचं सगळं लागू पडतं. दर वेळी नवी चावी तयार होत असेल तर पत्तेही दर वेळी नवे, आणि मग तुमच्या १४-३७-५८ मागे निव्वळ योगायोग असू शकतो. दुसरी, "चढली" या शब्दाचा अर्थ. काही नेटवर्कमध्ये तुकडा खरोखर दुसऱ्याच्या डिस्कवर जातो. आयपीएफएससारख्या व्यवस्थेत फाइल 'अॅड' केली की तुकडे तुमच्याच मशीनवर राहतात, आणि "हे माझ्याकडे आहे" एवढी नोंद त्या पत्त्याला सगळ्यांत जवळच्या २० पीअर्सकडे जाते. तुमच्या लहान फाइलचंही म्हणूनच पुन्हा तपासा. ज्या मशीनवरून चढवली त्याच मशीनवर उतरवली तर ती नेटवर्कवरून आली की घरच्याच साठ्यातून, हे कळत नाही. पत्ता मित्राला द्या आणि त्याला उतरवायला सांगा. तेही तुमचा नोड बंद असताना.

मी आता कुठल्या क्रमाने बघतो ते सांगतो. जवळचं आधी, लांबचं नंतर, आणि एका वेळी एकच बदल.

सुरुवात लॉगपासून. टर्मिनलवर दिसणारा मजकूर दोन वाटांनी येतो, स्टँडर्ड आउटपुट आणि स्टँडर्ड एरर. साध्या बाणाने फाइलमध्ये वळवलं तर पहिलीच वाट फाइलमध्ये जाते आणि नेमक्या चुका स्क्रीनवरून वाहून जातात. दोन्ही वाटा एकत्र करून 'टी' कमांडमधून सोडा, म्हणजे डोळ्यांसमोरही दिसेल आणि फाइलमध्येही उरेल. यात एक खाच आहे. पाइप लावला की डॉलर-प्रश्नचिन्हातून मिळणारा एक्झिट कोड (प्रोग्रॅम संपताना देतो तो आकडा) 'टी'चा असतो, तुमच्या क्लायंटचा नव्हे. त्यामुळे क्लायंट कोसळला तरी कोड शून्य दिसतो आणि सगळं आलबेल वाटतं. बॅशमध्ये आधी 'पाइपफेल' हा पर्याय चालू करून घ्या. त्या कोडात बरंच काही असतं. १२७ म्हणजे कमांडच सापडली नाही. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, प्रोसेसला बाहेरून सक्तीने मारलं गेलं. ते बहुतेक वेळा मेमरी संपल्यामुळे खुद्द कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) केलेलं असतं, आणि 'डीमेसेज'च्या शेवटच्या ओळींत त्याची नोंद सापडते. तुमच्याकडे १३७ निघाला तर हे सगळं उत्तर बाजूला ठेवा आणि मेमरीकडे बघा.

लॉगची पातळीही वाढवा. अशी अनेक नवी सॉफ्टवेअरं रस्ट भाषेत लिहिलेली असतात आणि त्यांतली बहुतेक 'रस्ट_लॉग' हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वाचतात. टर्मिनलमध्ये तो इंग्रजी कॅपिटल अक्षरांत लिहायचा. त्याला 'डीबग' किंमत दिली की प्रत्येक तुकड्याचा प्रवास दिसायला लागतो. सरसकट डीबग लावलं तर नेटवर्क लायब्ररीच्या बडबडीत मुद्द्याची ओळ बुडून जाते, म्हणून फक्त क्लायंटच्या मॉड्यूलचं नाव देऊन डीबग लावा आणि बाकीच्यांना 'इन्फो'वर ठेवा.

मग मशीन. तुम्ही तीनदा इन्स्टॉल केलंत म्हणून हे मी मुद्दाम विचारतो: दर वेळी आधीचा नोड खरंच बंद केला होता का? एका चाचणीत मी दीड दिवस राउटरच्या मागे होतो. पोर्ट (रहदारीचं नंबर दिलेलं दार) उघडलं, बंद केलं, दुसरं घेतलं, लक्षण तेच. शेवटी 'एसएस' कमांडने बघितलं की पोर्ट कोण धरून बसलंय, तर आदल्या आठवड्याचा नोड मागे जिवंत होता. बायनरी, म्हणजे प्रोग्रॅमची चालणारी फाइल, मी केव्हाच बदलली होती. पण लिनक्समध्ये फाइल पुसली तरी ती उघडून बसलेल्या प्रोसेसपुरती ती शिल्लकच राहते. 'प्रॉक' फोल्डरमध्ये त्या प्रोसेसच्या नंबराखाली 'एक्सई' नावाची लिंक असते. ती पाहिली तर बायनरीच्या पाथपुढे कंसात 'डिलीटेड' असा शब्द होता. म्हणजे डिस्कवर नसलेला प्रोग्रॅम मेमरीत चालू होता आणि माझा नवा क्लायंट बिनबोभाट त्याच्याशी बोलत होता. तेव्हापासून कुठल्याही टेस्ट नेटवर्कवर माझी पहिली कमांड हीच असते: काय चालू आहे आणि कुठल्या पोर्टवर. सोबत 'विच' कमांडला सगळ्या जागा दाखवायला सांगा. एक बायनरी होम फोल्डरमध्ये आणि दुसरी सिस्टमच्या फोल्डरमध्ये असं असेल तर तुम्ही अपडेट एकीला करता आणि चालवता दुसरीला.

आवृत्ती जुळत नसण्याची शक्यता तुमच्या बाबतीत कमी आहे, पण कारणासकट सांगतो. टेस्ट नेटवर्क पुन्हा पुन्हा पुसून नव्याने उभं केलं जातं. बिटकॉइनचं बराच काळ चाललेलं टेस्ट नेटवर्क 'टेस्टनेट३' या नावाचं, म्हणजे तिसरी पिढी. जुन्या-नव्याची सरमिसळ होऊ नये म्हणून नेटवर्कं काळजी घेतात. बिटकॉइनचं मुख्य नेटवर्क ८३३३ पोर्टवर आणि टेस्टनेट३ १८३३३ वर चालतं, शिवाय प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीचे ४ बाइट दोन्हीकडे वेगळे असतात. चुकीचे बाइट घेऊन आलेला नोड आत घेतलाच जात नाही. तुमच्या नेटवर्कनेही असं काही केलं असेल तर जुना क्लायंट एकही तुकडा पोहोचवू शकणार नाही. तुमचे काही तुकडे पोहोचतात. म्हणून आवृत्ती फक्त लिहून ठेवा, तिच्यामागे वेळ घालवू नका.

मशीनवर आणखी दोन गोष्टी चटकन बघण्यासारख्या आहेत. घड्याळ बरोबर आहे ना, कारण मुदत घालून सही केलेल्या नोंदी घड्याळ चुकलेल्या मशीनवर अवैध ठरू शकतात. आणि उघड्या फाइल्सची मर्यादा. बऱ्याच लिनक्सवर ती एका प्रोसेसला १०२४ असते. टीसीपी (आधी जोडणी बांधून बोलण्याची पद्धत) वापरणाऱ्या नोडला प्रत्येक पीअरमागे एक डिस्क्रिप्टर, म्हणजे त्या मर्यादेतली एक जागा, लागतो, त्यात साठ्याच्या फाइल्सची भर पडते, आणि ती संपली की लॉगमध्ये 'टू मेनी ओपन फाइल्स' येतं.

आता लाइन. तुमच्या लक्षणांत मला सगळ्यांत जास्त संशय इथला आहे. तरी आधी क्लायंट आणि नोड यांची गफलत सोडवू. क्लायंट बाहेर हाक मारतो, नोडला बाहेरून हाक यावी लागते. नुसती फाइल चढवायला राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करायची गरज सहसा नसते. नोडला असते. तुम्ही दोन्ही एकाच लाइनवर, एकाच वेळी चालवताय, त्यामुळे नोडची रहदारी आणि तुमचे १६० तुकडे एकाच दारातून ढकलाढकली करत बाहेर पडतात. म्हणून पहिला बदल हाच करा: नोड पूर्ण बंद, फक्त क्लायंट, ताजी ४० मेगाबाइटची फाइल. कित्येकदा इथेच उत्तर मिळतं.

मिळालं नाही तर क्लायंटची समांतर पाठवणी कमी करा. बहुतेक क्लायंटमध्ये एका वेळी किती तुकडे पाठवायचे याचा पर्याय असतो, 'बॅच साइज' किंवा तत्सम नावाचा. डीफॉल्ट आकडा डेव्हलपरच्या दणकट लाइनवर ठरलेला असतो. तुमची अपलोडची गती डाउनलोडच्या मानाने बरीच कमी असेल तर तेवढे तुकडे एकदम सोडल्यावर राउटरमध्ये रांग तुंबते. प्रत्येक तुकडा हळूहळू सरकत असतो, पण आतलं टाइमआउटचं घड्याळ त्याआधीच संपतं. तो आकडा १ करा. वेळ खूप लागेल, लागू द्या. एकेक करून सगळे गेले तर दोष लाइनच्या तुंबण्यात आहे हे जवळजवळ ठरलं.

संदेशातले शब्दही नीट वाचा. टीसीपीवर 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे समोरून उत्तर आलं की इथे कोणी ऐकत नाही. मशीन जिवंत आहे, वाट मोकळी आहे. 'टाइम्ड आउट' म्हणजे उत्तरच आलं नाही. पॅकेट वाटेत गिळलं गेलं, की समोरचा बंद आहे, की उत्तर परतीच्या वाटेवर हरवलं, यातलं काहीच त्या शब्दांवरून कळत नाही. यूडीपीवर तर जोडणीच नसते. आजकालची बरीच नेटवर्कं क्विक प्रोटोकॉल वापरतात, २०२१ मध्ये प्रमाणित झालेला, आणि तो यूडीपीवर चालतो. म्हणून वेबवरच्या पोर्ट तपासणीच्या साधनाने "बंद" असं सांगितलं तर दचकू नका. ती साधनं सहसा टीसीपीचं दार ठोठावतात आणि तुमचा नोड यूडीपीच्या दाराशी बसलेला असतो.

राउटर यूडीपीच्या प्रत्येक संवादाची नोंद थोडा वेळच लक्षात ठेवतो. २००७ चं आरएफसी ४७८७, म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा एक दस्तऐवज, म्हणतं की सर्वसाधारणपणे ही नोंद २ मिनिटांच्या आत पुसता कामा नये. घरगुती राउटर हे पाळतातच असं नाही. शेकडो पीअर्सशी बोलणारा नोड राउटरची नोंदवही भरून टाकतो, आणि मग चालू संवादही अधेमधे तुटतात. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला दिसत असेल तर तुमच्या सेवादात्याकडे आणखी एक सामायिक राउटर मध्ये बसलेला आहे. तशा वेळी तुम्ही घरच्या राउटरवर काहीही उघडलंत तरी बाहेरची हाक तुमच्या नोडपर्यंत येणार नाही. क्लायंट चालेल, नोडला रिले, म्हणजे मध्ये निरोप पोहोचवणारं दुसरं मशीन, लागेल.

व्हीपीएन चालू असेल तर तो बंद करून बघा. बोगद्यातून जाताना पॅकेटचं माप घटतं. साध्या इथरनेटवर ते १५०० बाइट असतं, वायरगार्ड डीफॉल्टने १४२० धरतं. मधल्या कोणी मोठं पॅकेट गुपचूप टाकून दिलं तर लहान संदेश सुखाने जातात, पीअर्स दिसतात, आणि मोठा मजकूर मात्र लटकतो. तपासायला पिंगला "तुकडे करू नकोस" असं सांगून १४७२ बाइटचा मजकूर पाठवा. त्यावर २८ बाइटची शीर्षकं चढून बरोबर १५०० होतात. तो परत आला नाही आणि १३०० चा आला, तर मापात गडबड आहे. हे लक्षण तुमच्या लक्षणासारखं दिसतं, पण माप हीच अडचण असती तर बहुतेक प्रत्येक मोठा तुकडा अडकला असता. तुमचे काही पूर्ण जातात, म्हणून याला मी दुसरा क्रमांक देतो.

एवढं करूनही फाइल अडकली तर खरा निकाल लावणारी चाचणी घ्या. यासाठीच मी डीबग लॉग मागितला. ताजी फाइल तीनदा चढवा, पुसापुशी न करता, आणि प्रत्येक खेपेला कुठल्या पत्त्याचे तुकडे हुकले ते वेगळं काढा. 'ग्रेप' आणि 'सॉर्ट' पुरेसे आहेत. मग यादीकडे बघा: तेच तुकडे हुकतात की दर वेळी वेगळे?

हा प्रश्न इतका कामाचा का, ते सांगतो. तुकडा कोणी सांभाळायचा हे त्याचा पत्ता ठरवतो. कॅडेम्लियात पत्ता आणि नोडची ओळख यांच्यात एक्सॉर (दोन संख्यांचे बिट ताडून बघण्याची क्रिया) करून अंतर काढतात, आणि त्या पत्त्याला सगळ्यांत जवळचे नोड त्याचे राखणदार ठरतात. तुमच्या लाइनला, राउटरला, मशीनला त्या पत्त्याचं काहीच सोयरसुतक नसतं. तुमच्याकडे पॅकेट गळत असेल तर ते आंधळेपणाने गळणार: आज हा तुकडा, उद्या तो. पण तोच एक पत्ता तिन्ही वेळा हुकत असेल तर त्या पत्त्याच्या आसपासच्या राखणदारांपैकी कोणीतरी भरलेलं आहे, अडकलेलं आहे, किंवा आपण नसलेल्या जागी आहोत असं सांगतंय. मागे एका चाचणीत आम्हा तिघांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या. तीन वेगळ्या लाइन, तीन वेगळी मशीनं, तीच फाइल. हुकलेले पत्ते मोजके होते आणि त्यांची सुरुवातीची अक्षरं सारखी. पत्त्यांच्या नकाशावरचा एक छोटासा कोपरा आजारी होता. तोवर आम्ही तिघंही आपापल्या राउटरला दोष देत बसलो होतो.

दर वेळी वेगळे तुकडे हुकले तर संशय तुमच्या लाइनवर जातो, पण तेवढ्यावर शिक्का मारू नका. सगळं नेटवर्कच ओझ्याखाली असेल तरीही असंच दिसतं. त्याचा निवाडा दुसऱ्या लाइनवरून होतो. तेच मशीन मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडा, बाकी काही बदलू नका, आणि नव्या ताज्या फाइलने पुन्हा करा. तिथून गेली तर दोष घरच्या लाइनवर. तिथूनही तशीच अडखळली तर मशीन किंवा नेटवर्क. मग मित्राला तशीच, पण त्याची स्वतःची ताजी फाइल त्याच वेळी चढवायला सांगा. वेळ महत्त्वाची आहे. टेस्ट नेटवर्कवर लोक तासागणिक नोड चालू-बंद करतात, सकाळच्या आणि रात्रीच्या निकालांची तुलना करून भलताच निष्कर्ष निघतो.

एक गोष्ट मनापासून सांगतो. तुमची फाइल चढणं हे या चाचणीत दुय्यम आहे. तीन वेळा अपयश आलं म्हणून तुम्ही निराश झालेले दिसता, पण हे नेटवर्क तुमच्यासारख्या साध्या घरगुती लाइनवर कसं वागतं, हीच माहिती डेव्हलपरकडे नसते. त्यांची मशीनं डेटा सेंटरमध्ये असतात, तिथे राउटरची नोंदवही भरत नाही. "चालत नाही" या दोन शब्दांचं ते काही करू शकत नाहीत. क्लायंटची आवृत्ती, दिलेली पूर्ण कमांड, सुरू केल्याची वेळ टाइमझोनसकट, एक्झिट कोड, हुकलेल्या पत्त्यांची यादी, आणि कुठला एक बदल केल्यावर काय फरक पडला, एवढं असेल तर ते त्यांच्या बाजूचे लॉग त्या वेळेला लावून बघू शकतात. पाठवण्याआधी लॉग एकदा डोळ्यांखालून घाला. डीबग पातळीवर कधी कधी गुप्त चावी, तुमचं युजरनेम असलेले पाथ आणि घरचा आयपी पत्ताही छापला जातो. चावी काढून टाका. आयपीच्या जागी काहीतरी खूण घाला, पण सगळीकडे एकच खूण घाला, नाहीतर वाचणाऱ्याला दोन वेगळी मशीनं आहेत असं वाटेल.

आज एवढंच करा. जुनी प्रोसेस शोधून बंद करा. नोड थांबवा. ताजी ४० मेगाबाइटची फाइल बनवा, डीबग लॉग लावून आहे त्याच बॅच साइजने एकदा चढवा. नाही गेली तर दुसरी ताजी फाइल बनवा आणि बॅच साइज १ करून ती चढवा. तरीही अडली तर तीच फाइल आणखी दोनदा, म्हणजे एकूण तीन खेपा. हुकलेल्या पत्त्यांच्या तिन्ही याद्या मला पाठवा, फाइलही सोबत द्या. मी तिचे हुकलेले तुकडे माझ्या लाइनवरून पाठवून बघतो. त्यातले कुठले माझ्याकडूनही अडले ते त्याच दिवशी कळवेन.